दोन भोवरे

ल्युब्ल्याना, ९ ऑक्टोबर

बोगदान,

पोचलास, जेवतोस, खोली बरी आहे, खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. चार ओळींत अख्खा महिना उरकलास, शाबास! वर्षभरासाठी गेला आहेस, जूनअखेर परत येणार आहेस. या वेगाने तोवर माझ्या वाट्याला जेमतेम पानभर नवरा यायचा.

फोन नको, पत्रं लिहू, हे तूच ठरवलंस. फोनवर मी तुला वाक्य पुरं करू देत नाही म्हणे. मग आता कर ना पुरं! कागद तुझ्यासमोर आहे, मी इथे आहे, कोण अडवतंय तुला?

प्रयोगशाळेत सगळं ठाकठीक. इन्क्युबेटरच्या दारावर तू चिकटवून गेलेली चिठ्ठी तशीच आहे, 'मिलोयका, हात काढ.' नव्या मुलींना वाटतं ती संस्थेची सूचना आहे आणि मिलोयका हे कुठल्या तरी धोक्याचं नाव आहे. मी काही खुलासा केला नाही.

परवा खालच्या मजल्यावरून झोफ्का कात्री घेऊन आली, माझे केस कापायला. दुकान कधीच बंद केलं, पण बाईचे हात अजून शिवशिवतात. मी मान खाली घालून बसले होते, तर विचारते, "तुम्ही दोघं इतकी वर्षं तिथे करता तरी काय गं? मला कळेल असं सांग बघू."

म्हटलं, पेशी असतात, लांबट, काकडीच्या बियांसारख्या. त्यांना काचेवर छोट्याशा गोल जागेत सोडायचं. आधी कशाही पडतात. मग जी ती शेजारणीकडे बघून कलते. पुढारी कुणी नाही, हुकूम कुणाचा नाही, तरी बघता बघता सगळ्या शिस्तीत बसतात. पण जागा गोल, कडेच्या पेशी कडेला धरून वळणार, मग सगळ्यांना एकाच दिशेला कलणं कसं जमणार? कुठे तरी भोवरा पडतोच. डोक्यावर केसांचा पडतो ना, तसा.

"म्हणजे सगळं आपोआप होतं?"

"हो."

"मग तुम्ही पगार कशाचा घेता?"

मला हसताही येईना, कात्री कानापाशी होती. मग म्हणते, "तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. पहिल्यांदा त्याचे केस कापले तेव्हाच बघितले होते. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. तेव्हा बोलले नाही, तू नवी नवरी होतीस."

तिला म्हटलं, एका लग्नानेच त्याचा जीव मेटाकुटीला आलाय, दुसरं कुठून करतोय!

तिथल्या मंडळींना तुझ्या सपाट काचेचं वेड लावलंस का? मी अजून माझ्याच मताची आहे. तळाला बारीक चर पाडावेत, पेशी शहाण्यासारख्या चरांतून ओळीने बसतात, भोवऱ्यांची कटकटच नाही. तू म्हणणार, चर पाडून बसवल्यास तर ती तुझी शिस्त झाली, त्यांची कुठली? म्हण बापडा. लग्नापासून म्हणतोयस.

लोव्रोचं काही कळलं का? सहज विचारलं. शेवटचं ऐकलं तेव्हा पोर्तोत होता. आपला मुलगा कुठल्या गावात राहतो हे आपल्याला चार लोकांकडून कळावं, याचीही सवय झाली म्हणायची. तुला निदान नाताळचं कार्ड पाठवतो. मला तेही नाही. असो.

मिलोयका

१२ नोव्हेंबर

बोगदान,

काल मार्टिनचा सण झाला. अख्ख्या जिन्यात हंस भाजल्याचा वास भरला होता. मी एकटीसाठी काय भाजणार? झोफ्काने बोलावलं. तिचा भाऊ नवी वाइन घेऊन आला होता, चवीला आंबट, पण सण आहे म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

"प्राध्यापक कुठे?" त्याने विचारलं.

"बार्सिलोनाला."

"एकटेच?"

"पेशी आहेत सोबत," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन कोट न काढता तशीच खुर्चीत बसून राहिले.

आपला जिना कुणी तरी वाढवलाय, सांगून ठेवते. पूर्वी तो एका दमात संपायचा. आता मी मधल्या मजल्यावर थांबून लोकांच्या दारांवरच्या पाट्या वाचते. कोण कुठे राहतं ते इतक्या वर्षांनी कळतंय, हाही एक फायदाच. झोफ्का म्हणते डॉक्टरकडे जा. तिला सगळ्यांना कुठे ना कुठे पाठवायचं असतं. जाईन.

नाताळला येत नाहीस हे वाचलं. पेशींना टाकून येता येत नाही. बरं. पेशींपुढे मी कधी तक्रार केली आहे? पोतित्सा मात्र या वर्षी अर्धीच करीन. अक्रोड भरलेल्या गोड पावाची अख्खी गुंडाळी एकटीने खायची म्हणजे आठवडाभर तेच तेच.

घर फार गप्प आहे रे. तू असतानाही काही बोलत होतास असं नाही, पण तेव्हा तुझ्या खोलीतून पानं उलटल्याचा आवाज यायचा. काल मीच तुझ्या टेबलाशी जाऊन एक पुस्तक उलटसुलट चाळलं, मग स्वतःचीच लाज वाटली. जूनपर्यंत वेडी नाही झाले म्हणजे मिळवली.

मिलोयका

११ जानेवारी

बोगदान,

तुझं पत्र आलं. स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

'नाताळच्या दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेलो, सार्डिन मासे खाल्ले, वारा फार म्हणून लवकर परतलो.' किती निरागस वाक्य! आणि तिन्ही क्रियापदं द्विवचनी.

इंग्रज असतास तर सुटला असतास. फ्रेंच, जर्मन, तिथले तुझे कातालान, सगळे आपले 'आम्ही गेलो' म्हणतात आणि त्या 'आम्ही'त दोघे लपतात, दहा लपतात, अख्खी पलटण लपते. आपल्या भाषेत तशी सोय नाही. एक माणूस गेला तर एक रूप, दोघं गेली तर वेगळं, आणि तिघांपासून पुढे अनेकवचन. दोघं कुठे गेली की क्रियापदच चुगली करतं. सगळ्या शेजाऱ्यांनी हे द्विवचन कधीच टाकून दिलं, आपल्या लोकांनी जपून ठेवलं. कशाला, तर तुला पकडायला!

आठवतंय, बोहिन्यच्या तळ्यावर तू मला पहिल्यांदा 'आपण दोघं' म्हणालास? एवढासा प्रत्यय, पण मी घरी गेल्यावरही तोंडातल्या तोंडात घोळवत होते. आईने विचारलं, काय चघळतेस? तोच प्रत्यय आता तू सार्डिनबरोबर दुसऱ्या कुणाला तरी वाढलास.

कोण आहे ती? तेवढं तुझ्या प्रत्ययावरून कळत नाही, कारण जोडीत एक पुरुष असला की रूप पुरुषीच लागतं. पण मी काय कुक्कुलं बाळ आहे? पेशींना घेऊन कुणी सार्डिन खायला जात नाही.

अंगाचा नुसता तिळपापड झालाय. झोफ्काला सांगितलेलं नाही, सांगितलं तर ती आधी तुझ्या डोक्याचा विषय काढील.

दोन वाक्यं लिही. कोण आहे, आणि जूनमध्ये परत येतोयस की नाही. हवापाणी नको.

मिलोयका

४ फेब्रुवारी

बोगदान,

चार पानं! जन्मात तू कुणाला चार पानं लिहिली नसशील.

बाई नाही. लोव्रो.

मी आधी हसले. खरंच, मोठ्याने हसले, सुटल्यासारखी. मग पुढचं वाचलं आणि हसू थांबलं. माझा मुलगा उन्हाळाभर अंथरुणातून उठत नव्हता. नोकरी गेली, पोर्तोहून बार्सिलोनाला आला, तिथेही काही जमलं नाही, पडदे ओढून पडून राहिला. आणि त्याने तुला लिहिलं. तुला. खाली आणखी एक ओळ, 'आईला कळवू नको.' आणि तू नाही कळवलंस! ते बार्सिलोनाचं निमंत्रण, ती सपाट काच, ते वर्षभराचं संशोधन! मी तुझी बॅग भरून दिली रे. मोजे गुंडाळून दिले.

संशोधनही खरंच करतोस म्हणे. उपकार झाले.

तो आता रोज उठतो, तुम्ही दोघं बाजारात जाता, तो कांदा चिरतो, तू भात टाकतोस. फारसं बोलत नाही आणि तेच त्याला मानवतं, असं लिहिलं आहेस. मानवणारच. न बोलण्यात तुझा हात कोण धरील?

'तू आलीस तर तो उठून जाईल.' हे वाक्य तू आधी वेगळं लिहून खोडलं आहेस, मी उजेडात धरून बघितलं. मवाळ करायला गेलास आणि जमलं नाही.

बायकोचं, त्याशाचं प्रकरण अजून डोक्यात धरून बसलाय का तो? सून रुसून माहेरी गेली, प्तुयला. लोव्रो म्हणाला, आई, मध्ये पडू नको, आमचं आम्ही बघू. आणि मी पोतित्सा घेऊन प्तुयला गेले, दोन शब्द बोलायला. विहिणीच्या समोर सगळं नीट मांडलं, कुणी कसं वागायचं, कुणी काय सोडायचं. मी गेले नसते तरी घटस्फोट झालाच असता. आजही हेच म्हणेन. तुझं मत मला पाठ आहे, लिहू नको.

मी शनिवारी निघते. बसचं तिकीट काढलंय. कुट्टूचं पीठ घेतलंय, भोपळ्याच्या बियांचं तेल घेतलंय, स्वेटर घेतलाय. मुलगा आजारी पडला आणि आई घरी बसली, असं कुठे असतं का?

शुक्रवार

तिकीट रद्द केलं.

झोफ्का बॅग बघून म्हणाली, "कुठे निघालीस?" मग सांगितलं सगळं. तिने पिठाची पिशवी उचलून बघितली, खाली ठेवली.

"त्याने बोलावलंय?"

"आईला बोलावणं लागतं का?"

"लागतं. माझी तीन आहेत, एकाच्याही घरात मी दार वाजवल्याशिवाय शिरत नाही. तू तर दार वाजवायच्या आधी बाहेरूनच सांगायला लागतेस, भांडी कुठे ठेवा ते."

म्हटलं, तू आपले केस काप. ती गेली. मग मी बॅगेवर बसून रडले. दम लागेपर्यंत रडले, आणि हल्ली दम लवकर लागतो.

दुपारी प्रयोगशाळेत गेले. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी काय शिकवते? इन्क्युबेटरचं दार उगीच उघडू नका. ऊब जाते, पेशी आखडतात, जमत आलेली घडी विस्कटते. आणि मी स्वतः दिवसातून कितीदा उघडते ते तुला माहीत आहे. बघायला म्हणून. नुसतं बघायला! जमलेली वाटत नाही म्हणून बघायचं, आणि बघितलं म्हणूनच जमत नाही. आज तिथे पोचले आणि दाराला हात न लावता परत आले. जिवावर आलं होतं अगदी.

मी येत नाही. मला कळलंय हे त्याला सांगू नको. पण तू जूनमध्ये येशील ना? तेवढं मी विचारू शकते.

मिलोयका

२३ एप्रिल

बोगदान,

ईस्टरचं पार्सल मिळालं ते बरं झालं. पोतित्सा कुणी केली हे त्याने विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस, पण त्याने एका बैठकीत अर्धी संपवली. संपवणारच, अक्रोड त्याच्या मापाने घातले होते. आत मी एक कागद ठेवला होता, सकाळी किती वाजता उठावं, ऊन कधी घ्यावं, असं काहीबाही. बांधताना काढला. मग परत ठेवला. मग झोफ्काने काढला.

आता एक सांगते, हसू नको. मी सपाट काचेवर पेशी सोडल्या. चर नाही, रेघ नाही, नुसतं गोल वर्तुळ. दार उघडायचा मोह नको म्हणून दिवसभर वाचनालयात जाऊन बसले, तिथे वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या वाचत. मग काढून मायक्रोस्कोपखाली धरलं. दोन भोवरे! दोघांनाही धूमकेतूसारखं डोकं आणि शेपूट, समोरासमोर, मध्ये अंतर राखून. मध्यभागी एकटा भोवरा टिकत नाही, फुटून त्याचे दोन होतात, आणि दोन्ही एकमेकांपासून सरकत ठराविक ठिकाणी जाऊन थांबतात. फार जवळ नाही, कडेलाही चिकटत नाहीत. कुणी सांगितलं त्यांना कुठवर जायचं? तू हे मला कितीदा दाखवलंस, पण तुझ्या फोटोत बघताना मी नेहमी चूक शोधत असायची.

मी उठलेच नाही बराच वेळ. एका मुलीने घाबरून विचारलं, "बाई, काही बिघडलं का?"

"नाही गं," म्हटलं. "काही बिघडलेलं नाहीये, तेच बघतेय."

तुला तिथे बोलावून दाखवावंसं वाटलं. मान वळवून हाक मारायला तोंडही उघडलं होतं.

या मुली हल्ली मी जाईन तिथे खुर्ची आणून ठेवतात. पायऱ्यांऐवजी मी मागच्या लिफ्टने जाते. बाजारहाट झोफ्का करते, तिलाही तेवढाच व्यायाम. तब्येत कशी म्हणून विचारलंस. बरी आहे. डॉक्टर लोक तपासायला बसले की काही ना काही काढतातच. वय झालं, दुसरं काय.

लोव्रो सायकली दुरुस्त करायला शिकतोय, संध्याकाळी हात धुतो तरी नखांतलं ग्रीस जात नाही, हे तुझं वाक्य मी परत परत वाचलं. ते घालवायला काय लावायचं ते मला माहीत आहे. लिहीत नाही. बघ, किती सुधारले.

जून जवळ आला. कॅलेंडरकडे बघत नाही असं म्हटलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस. तुझा बिछाना उन्हात घातला होता, आताच आत आणला. ये लवकर.

मिलोयका

११ जून

बोगदान,

तुझं पत्र मिळालं. तीस तारखेचं तिकीट काढू का, विचारतोस. लोव्रो म्हणाला, 'बाबा, तू जा, माझं मी बघीन,' आणि ते म्हणताना त्याचा कांदा चिरणारा हात थांबला. एवढंच लिहून तू पुढे हवेवर गेलास. मला तू माहीत आहेस. हात थांबला हे तू उगीच लिहिलेलं नाहीस.

येऊ नको. आणखी वर्षभर राहा त्याच्यापाशी. रजेचं मी संस्थेत बोलते. मला इथे काही कमी नाही, तब्येत ठणठणीत आहे. जुलैमध्ये झोफ्काबरोबर इझोलाला समुद्रावर जाईन म्हणते. तिकडून पत्रं लिहायला जमायचं नाही, तेव्हा आलं नाही तर काळजी करू नको.

त्याला म्हणावं, कांदा चिरताना ओठ मिटून ठेव, डोळ्यांना पाणी येत नाही.

मिलोयका

१४ जून

बोगदान,

अकरा तारखेचं पत्र तुला मिळालं असेल किंवा वाटेत असेल. कांद्याचं सोडून त्यातलं सगळं खोटं आहे. 'येऊ नको' हे खोटं की खरं, ते माझं मलाच सांगता येत नाही.

माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. जिना कुणी वाढवला नव्हता. मार्चमध्येच कळलं होतं, तुला लिहिलं नाही. ऑपरेशन सहा जुलैला आहे, छाती उघडून. इझोला-बिझोला काही नाही. डॉक्टरीण तरुण आहे, समजावून सांगते. म्हणाली, बहुतेक सगळे बरे होऊन घरी जातात. मी विचारलं, बहुतेक म्हणजे शंभरात किती? तिने आकडा सांगितला. चांगला आकडा आहे. जन्मभर मी आकड्यांवर विश्वास ठेवला, पण बसमध्ये बसले आणि त्या आकड्यातून बाहेर राहिलेल्या लोकांचाच विचार करत घरी आले.

हे तुला कळवायचंच नाही असं मी ठरवलं होतं. लोव्रो आता कुठे उभा राहतोय, त्याच्यापाशी तू हवास, मला स्वच्छ दिसत होतं. ते पत्र टाकून आले आणि झोफ्काला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. वाटलं, म्हणेल, काय गं बाई तुझं काळीज!

ती म्हणाली, "म्हणजे परत तूच ठरवलंस."

"त्यांच्या भल्यासाठी."

"प्तुयलाही भल्यासाठीच गेली होतीस ना? आता नवरा कुठे राहणार, मुलाला कोण सांभाळणार, तू एकटीच दवाखान्यात कशी पडणार, सगळं बसवून मोकळी झालीस. त्यांना एका शब्दाने विचारलंस? तुझ्या त्या पेशी बऱ्या म्हणायच्या. त्यांना निदान शेजारीण काय करतेय ते दिसतं तरी. या दोघांना तू काही दिसूच देत नाहीस."

मी म्हटलं, चालती हो. ती गेली नाही. कॉफी ठेवली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मी इथेच आहे. ओरड हवं तेवढं."

ओरडायला दम नव्हता. आणि ती बोलली ते खरंच होतं, म्हणून जास्तच झोंबलं. हुकूम नसतो, पुढारी नसतो, हे मी सगळ्यांना सांगत फिरते. पण लपवाछपवीही नसते, हे कधी मोठ्याने म्हटलं नाही. शेजारीण कुठे कलली आहे हे कळलंच नाही तर कुणी कलायचं कसं? त्याने म्हटलं आईला कळवू नको, तू म्हटलंस तिला कळवत नाही, मी म्हटलं बोगदानला कळवायचं नाही. तिघं तीन ठिकाणी दारं लावून बसलो आहोत आणि प्रत्येकाला वाटतंय आपण दुसऱ्याला सांभाळतोय.

तेव्हा मी कुठे आहे ते सांगते. तू यावंस असं मला वाटतं. फार वाटतं. शुद्धीवर येताना तुझं ते न बोलणारं तोंड समोर असावं असं वाटतं. लोव्रोला एकटं टाकून तू निघावंस असंही मला वाटत नाही. दोन्ही खरं आहे आणि त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही. माझ्याकडे काही योजना नाही, बोगदान. हे वाक्य दोनदा खोडून परत लिहिलंय, दिसेलच.

हे पत्र लोव्रोला वाचायला दे. मला कळलंय हे त्यालाही कळू दे. त्याने काय करावं हे मी लिहायला घेतलं होतं, बरंच लिहून झालं होतं, ते फाडून टाकलं.

लोव्रो, वाचतोयस ना? तू ये असं म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही. मला भीती वाटते रे.

आई